पेठेतल्या खोलीसाठी इंडक्शन शेगडी आणि तीन लिटरचा कुकर: घ्यावं का, कुठलं घ्यावं, कसं वापरावं

पुण्यात सदाशिव किंवा नारायण पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा दिवस अभ्यासिका आणि मेस यांच्या वेळांवर चालतो. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी असते, मेस मात्र त्याआधीच आवरते आणि रविवारी संध्याकाळी तर बहुतेक मेस बंदच. मग ती वेळ वडापाव, मॅगी, अंडाभुर्जीच्या गाडीवर निघते. पैसे जातात, पोट बिघडतं, आणि ‘जेवायला कुठे जायचं’ या चर्चेत तिघा रूम पार्टनरांचा अर्धा-पाऊण तास रोज जातो तो वेगळाच. हा गुंता सोडवायला एकच खरेदी करायची असेल तर ती इंडक्शन शेगडी आणि तिच्यावर चालणारा तीन लिटरचा कुकर या जोडीची करावी. अट एकच: मेस पूर्ण बंद करून तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक करायच्या भानगडीत पडू नये. दुपारची एक वेळची मेस चालू ठेवावी आणि रात्रीचं वरण-भात किंवा खिचडी खोलीवर करावी. पोळ्या तर मुळीच लाटू नयेत. कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रात नगावर मिळतात. परात, पोळपाट, पिठाचा डबा आणि ओट्यावर सांडलेलं पीठ एवढा संसार त्यासाठी मांडण्यात अर्थ नाही.

शेगडी बघायला जाण्याआधी खोलीतला सॉकेट बघा. इथेच निम्मे लोक चुकतात. शेगड्या १२०० वॅटपासून २००० वॅटपर्यंत मिळतात. २३० व्होल्टवर १२०० वॅटची शेगडी सव्वापाच अँपिअर ओढते, १८०० वॅटची जवळजवळ आठ आणि २००० वॅटची पावणेनऊ. पंख्याच्या बटणाशेजारचा लहान भोकांचा सॉकेट सहा अँपिअरचा असतो, म्हणजे फार तर १३८० वॅट, आणि तेही वायरिंग धड असेल तर. मोठ्या भोकांचा १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट खोलीत असेल तर १६०० ते २००० वॅटमधली कुठलीही घ्या. नसेल तर १२०० वॅटचीच घ्या, नाहीतर घेऊच नका. मोठी पिन लहान सॉकेटात बसवणारा कन्व्हर्जन प्लग पन्नास-साठ रुपयांना मिळतो आणि त्यानेच बोर्ड जळतात. प्लग लगेच पेटत नाही. आधी सॉकेटच्या पितळी पट्ट्या तापून सैल होतात, संपर्क कमी झाल्यावर आणखी तापतात, मग भोकांभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडतं आणि महिना-दोन महिन्यांनी जळका वास येतो. लॅपटॉप-मोबाइलच्या एक्स्टेन्शन बोर्डाचीही तीच गत, त्याची वायर या कामाची नव्हे. शेगडी दहा मिनिटं चालवून बंद करा आणि प्लग काढून पिनांना हलकेच बोट लावून बघा. कोमट असतील तर ठीक. चटका बसला तर तो सॉकेट बदलल्याशिवाय वापरू नका.

मालकाला आधी विचारलेलं बरं. बऱ्याच खोल्यांना सब-मीटर असतो आणि मालक युनिटमागे ठरलेला दर लावतात, तिथे सहसा हरकत नसते. वीजबिल भाड्यातच धरलेलं असेल तर मात्र कटकट होते. अशा वेळी आकडा सांगितलेला उपयोगी पडतो: एक लिटर पाणी उकळायला सुमारे ०.१ युनिट लागतं. एका माणसाची खिचडी ०.१५ ते ०.२ युनिटात होते. दोन वेळचा चहा, रात्रीचं जेवण आणि सकाळचे पोहे धरले तरी दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आसपास, म्हणजे महिन्याला पंधरा युनिटं. दर दहा रुपये धरला तरी दीडशे रुपये. पाण्याच्या बादलीत सोडायचा दीड हजार वॅटचा रॉड रोज वीस मिनिटं चालवणाराही तेवढीच वीज जाळतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. संस्थेच्या वसतिगृहात बहुतेक ठिकाणी विजेच्या शेगडीला बंदी असते. तिथे हा विचारच सोडा, कॉटखाली लपवलेली शेगडी तपासणीत सापडतेच.

आता शेगडी कुठली. दीड ते तीन हजारांत ओळखीच्या सगळ्या कंपन्यांच्या मिळतात आणि आतलं यंत्र थोड्याफार फरकाने सारखंच असतं: काचेखाली तांब्याची कॉइल, तिला वीस किलोहर्ट्झच्या वरचा प्रवाह देणारं सर्किट, आणि ते सर्किट गार ठेवणारा पंखा. त्यामुळे पेटीवर छापलेल्या ‘डोसा’, ‘करी’, ‘डीप फ्राय’ अशा आठ-दहा बटणांना भुलू नका. ती ठरावीक वॅटची नावं आहेत, दुसरं काही नाही. बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, वॅट हाताने कमी-जास्त करायची सोय. ती नसलेली आणि फक्त पदार्थांच्या नावांवर चालणारी शेगडी घेऊ नका. दुसरी, बटणं. टच पॅनल दिसायला छान असतं, पण ओलं बोट लागलं की ओळखत नाही आणि चहा उतू जाऊन वर आला की आपोआप काहीतरी दाबलं जातं. दाबायची बटणं किंवा फिरवायचा नॉब बरा. बटणांवरची प्लास्टिकची पातळ पट्टी कालांतराने फाटते, पण ती दुरुस्तीवाल्याकडे स्वस्तात बदलून मिळते. टच पॅनल बिघडलं की अख्खा बोर्ड बदलावा लागतो. तिसरी, आवाज. दुकानात चालू करून पंख्याचा आवाज ऐकाच. शेजारच्या कॉटवर कोणी राज्यघटना पाठ करत असेल तर रात्री अकरा वाजता हा आवाज भांडणाचं कारण होतो.

स्वस्त शेगडीचा खरा दोष कमी आचेवर कळतो. बहुतेक शेगड्या हजार-आठशे वॅटच्या खाली सलग चालत नाहीत. ४०० वॅट लावले की त्या काही सेकंद जोरात चालतात, काही सेकंद बंद राहतात आणि सरासरी ४०० काढतात. वरणाला किंवा कुकरला याने काही बिघडत नाही. दुधाला बिघडतं. साय आलेलं दूध एका झटक्यात वर येतं, खाली बसतं, आणि तिसऱ्या झटक्याला बाहेर. दूध तापवताना समोरून हलायचं नाही, आणि भांडं निम्म्याहून जास्त भरायचं नाही. कॉइलही काचेवर काढलेल्या वर्तुळाएवढी मोठी असतेच असं नाही. स्वस्त मॉडेलात ती बऱ्याचदा बरीच लहान निघते. म्हणून २८ सेंटिमीटरच्या तव्यावर डोसा टाकला की तो मधोमध जळतो आणि कडा पांढऱ्या राहतात. तवा २२-२४ सेंटिमीटरचाच घ्या आणि आधी दोन मिनिटं ५००-६०० वॅटवर तापू द्या.

भांड्यांसाठी लोहचुंबक हीच कसोटी. फ्रीजवर चिकटवायचं साधं चुंबक खिशात टाकून तुळशीबागेत जा आणि भांड्याच्या बुडाला लावा. घट्ट चिकटलं तर घ्या. लोंबकळत चिकटलं तर भांडं घूं-घूं करेल आणि हळू तापेल. चिकटलंच नाही तर शेगडी नुसती टीं-टीं करेल. घरून आणलेलं स्टीलचं पातेलं चालेलच असं नाही, कारण स्टीलच्या अनेक जातींना चुंबक लागत नाही. ॲल्युमिनियम, पितळ आणि तांबं तर नाहीच. बूड सपाट हवं आणि किमान बारा सेंटिमीटर व्यासाचं हवं. एका कपाचं चहाचं पातेलं बहुतेक शेगड्यांना दिसतच नाही, त्यामुळे चहासाठीसुद्धा चौदा सेंटिमीटर बुडाचं घ्यावं लागतं. बिडाचा सपाट तवा उत्तम चालतो, फक्त तो काचेवरून सरकवू नका, उचलून ठेवा. आणि ‘कुठलंही भांडं चालेल’ म्हणून विकली जाणारी लोखंडी चकती घेऊ नका. चकती लालभडक तापते, भांडं तापायला दुप्पट वेळ लागतो आणि काच तडकते.

कुकर मात्र नवाच आणि चांगला घ्या. इथे काटकसर नको. घरगुती कुकरवर २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. बुडाजवळ किंवा हँडलवर ते चिन्ह आणि आयएस २३४७ हा क्रमांक शोधा. दोन लिटरचा एका माणसाला पुरेल असं वाटतं, पण त्यात आतले डबे धड बसत नाहीत. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नसतो, आणि डाळ-तांदळासारखा फेस येणारा जिन्नस असेल तर निम्म्यापर्यंतच. म्हणजे दोन लिटरच्या कुकरात खिचडीला हाती उरतो एक लिटर. पाच लिटरचा तिघांना ठीक, पण एकट्याने त्यात वाटीभर भात लावला तर निम्मी वीज कुकरच तापवण्यात जाते. तीन लिटरचा उभट कुकर आणि त्यात एकावर एक बसणारे दोन डबे, हे माप बरोबर. डबे दुकानातच आत ठेवून, झाकण लावून बघा. वरचा डबा झाकणाला टेकून वाफेची नळी बंद करत असेल तर तो कुकर उपयोगाचा नाही. हॉकिन्सचं झाकण तोंडातून आत जाऊन बसतं आणि प्रेस्टिजचं बहुतेक मॉडेलांत बाहेरून. आत बसणाऱ्या झाकणाला डबे थोडे बुटके लागतात, एवढंच लक्षात ठेवा. दोन्हींच्या रिंगा आणि शिट्ट्या कुठेही मिळतात, आणि दूरच्या गावाहून आलेल्या विद्यार्थ्याला हे फार महत्त्वाचं. अनोळखी कंपनीच्या कुकरची रिंग आठ महिन्यांनी शोधत फिरावं लागतं. स्टीलचा, जाड तिपदरी बुडाचा मिळाला तर तो घ्यावा. चिंच-टोमॅटोने काळा पडत नाही आणि घासायला सोपा.

गॅसवरचा शिट्ट्यांचा हिशोब इथे चालत नाही, आणि आईने फोनवर सांगितलेल्या ‘तीन शिट्ट्या’ हे भात कच्चा राहायचं पहिलं कारण आहे. १२०० वॅटवर लहान कुकर इतका पटकन तापतो की पहिली शिट्टी आली की उरलेल्या दोन मिनिटभरात होऊन जातात. तांदळाला पाणी शोषायला वेळच मिळत नाही, आणि वाफेबरोबर पिठूळ पाणी शिट्टीतून उडून काचेवर पसरतं. ‘प्रेशर कुक’चं तयार बटण नेमकं हेच करतं. म्हणून मिनिटं मोजा. एकाच्या खिचडीसाठी अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी मूगडाळ धुऊन वीस मिनिटं भिजत ठेवा. कुकर ६०० वॅटवर ठेवून चमचाभर तेल घाला आणि मोहरी तडतडेपर्यंत थांबा. फोडणीला याहून जास्त वॅट नको, कारण बूड मधोमध झपाट्याने तापतं आणि हिंग-हळद पाच सेकंदांत काळी होते. गॅसवर आच जास्त वाटली की आपण भांडं उचलतो. इथे उचललं की शेगडी बंद पडून ओरडायला लागते, म्हणून वॅटच आधी कमी ठेवायचे. डाळ-तांदूळ परतून अडीच वाट्या पाणी आणि मीठ घाला, झाकण लावा, १२०० वॅट. पाच-सहा मिनिटांत पहिली शिट्टी येते. ती आली की लगेच ४००-५०० वर आणून पाच मिनिटं ठेवा आणि बंद करा. मधे आणखी एखादी शिट्टी झाली तर होऊ द्या. मग दहा मिनिटं हात लावायचा नाही. कुकरात आत तापमान १२० अंशांच्या जवळ गेलेलं असतं, शिट्टी उचलून वाफ सोडली तर खिचडीच नळीतून वर येते.

वरण-भातासाठी तळाला दीड वाटी पाणी, जाळी, खालच्या डब्यात अर्धा तास भिजवलेली तूरडाळ तिच्या तिप्पट पाण्यासह, वरच्या डब्यात तांदूळ दुप्पट पाण्यासह. पहिल्या शिट्टीनंतर ५०० वॅटवर दहा-बारा मिनिटं. तळाचं पाणी विसरलं तर शेगडीला ते कळत नाही. तिचा तापमान ओळखणारा सेन्सर काचेखाली कॉइलच्या मध्यात असतो आणि जाड बुडाच्या कुकरची उष्णता त्याच्यापर्यंत उशिरा पोचते. तोवर रिंगेचा रबरी वास खोलीभर झालेला असतो. झाकण लावण्यापूर्वी शिट्टीची नळी उजेडासमोर धरून आरपार दिसतंय का बघण्याची सवय लावून घ्या. डाळीचं साल अडकलं की दाब बाहेर जायला जागा राहत नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. रिंग कडक झाली, बाजूने वाफ फुसफुसायला लागली की बदला. साधारण वर्षाला एक लागते. खोलीत फ्रीज नसेल तर उरलेलं वरण सकाळसाठी ठेवू नका, मे महिन्यात ते रात्रीतच आंबतं.

शेगडी मरते ती दोन-तीन ठरावीक कारणांनी. हवा खालून आत जाते आणि मागून बाहेर पडते. वर्तमानपत्र, चादर किंवा टेबलाच्या रेक्झिनवर ठेवली की कागद पंख्याला चिकटतो आणि सर्किट तापून बंद पडतं. फरशीचा तुकडा किंवा लाकडी फळी खाली हवी, भिंतीपासून वीतभर जागा हवी. शिजवून झाल्यावर लगेच मेन स्विच बंद करू नका, पंखा आपला आपण थांबेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं थांबा. नंतर मात्र प्लग काढाच, कारण दुसरं कारण झुरळं. आतल्या उबेला ती जमतात, आणि बोर्डावर झुरळ भाजलं गेलं की फ्यूज आणि त्याच्या मागचा पॉवर ट्रान्झिस्टर दोन्ही उडतात. दुरुस्तीवाले ज्याला ‘आयजीबीटी गेला’ म्हणतात तो हाच. वापर झाला की शेगडी पुसून पेटीत किंवा कापडी पिशवीत ठेवणं हा त्यावरचा सोपा उपाय. काचेवर साखरेचा पाक किंवा गुळाचं पाणी सांडलं तर काच जरा निवल्यावर लगेच पुसा. एकदा वाळून पुन्हा तापलं की निघत नाही. बेसिनखाली धरून धुवायची नाही, हे सांगायला नको, तरी सांगितलेलं बरं. वॉरंटी सहसा वर्षाची असते आणि फुटलेली काच तीत बसत नाही.

पॉवर सॉकेट नाही आणि १२०० वॅटचाही भरवसा नाही अशा जुन्या वाड्यातल्या खोलीत विजेचा राइस कुकर हा चांगला पर्याय. एक लिटरचा सुमारे ४०० वॅट घेतो, साध्या सॉकेटवर निर्धास्त चालतो. त्याच्या तळाशी स्प्रिंगवर एक चुंबक असतो. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान शंभरच्या आसपासच राहतं. पाणी संपलं, तापमान वर गेलं की चुंबकाची पकड सुटते आणि बटण खटकन वर येतं. म्हणून भात लावून अंघोळीला जाता येतं, जे इंडक्शनवरच्या कुकरबाबत करू नये. पण त्यात दाब नसतो. मूगडाळीची खिचडी होते, तूरडाळ पाऊण तास घेते आणि राजमा-छोले विसरा. पाणी गरम करायची किटली चहाचं पाणी, ओट्स, उकडलेली अंडी एवढ्यापुरती ठीक आहे. तिच्यात दूध घातलं की तळाला करपून कायमचा वास बसतो. इन्फ्रारेड शेगडीवर घरची ॲल्युमिनियमची भांडी चालतात आणि पापडही भाजता येतो, पण ती बहुतेक २००० वॅटच्या आसपास असते आणि बंद केल्यावरही काच बराच वेळ चटका देते. दहा बाय दहाच्या खोलीत तीन कॉट असताना नको. छोटा गॅस घ्यायचाच तर गॅस कंपन्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडून पाच किलोची टाकी घ्या. घरगुती टाकीतून छोट्या टाकीत गॅस भरून देणारी दुकानं बेकायदेशीर आहेत, आणि बंद खोलीत त्या टाकीचा व्हॉल्व्ह गळला तर पळायला जागा नसते. रोटी मेकर, एग बॉयलर, सँडविच टोस्टर यांतलं काहीही घेऊ नका. प्रत्येकाला एक प्लग, एक जागा आणि घासायला एक माणूस लागतो.

परीक्षा आटोपून मुलं खोल्या सोडतात तेव्हा जुन्या शेगड्या निम्म्या किमतीला निघतात. घ्यायला हरकत नाही, पण रिकाम्या हाताने बघायला जाऊ नका. चुंबक लागणारं पातेलं आणि अर्धा लिटर पाणी घेऊन जा. १२०० वॅटवर ते अडीच ते तीन मिनिटांत खळखळ उकळायला हवं. चार मिनिटांच्या पुढे गेलं, पंखा घरघरला, काचेवर केसाएवढीही चीर दिसली किंवा प्लगच्या पिना काळवंडलेल्या असल्या तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. जुना कुकर मात्र अशा सौद्यात फुकट मिळाला तरी घेऊ नका. रिंग नवी घालता येते, वाकलेली कड सरळ होत नाही.